ठोकळा गार लागला तर

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या आणि त्यातली एकही हलली नाही, असं ते स्वतःच सांगत. कोणी विचारलं नसलं तरी सांगत. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, काम सुटलं, पण जित्याची खोड अशी सुटते होय? कोणाकडे गेले की चपला काढल्या काढल्या खाली वाकून बोटाच्या पेराने दोन-चार फरश्या वाजवून बघायचे. आवाज पोकळ आला की घरमालकाकडे असं बघायचे, की त्या बिचाऱ्याला घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटावं.

त्यांची बायको रफू करायची. गल्लीत लहानथोर सगळे तिला काकूच म्हणत. आता रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ कोणीही लावेल. रफू म्हणजे कापडाच्याच आतल्या दुमडीतून एकेक धागा उसवून काढायचा आणि भोकावर मूळ विणीबरहुकूम, खालून-वरून, खालून-वरून, असा विणायचा की मालकालाही भोक सापडू नये. काकूंनी दिलेला कपडा लोक उजेडात धरत, उलटासुलटा करत आणि शेवटी त्यांनाच विचारत, "होतं कुठे हो?" काकूंना हीच शाबासकी. तेवढं ऐकलं की त्यांचा दिवस चांगला जायचा.

पुढच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं. उत्तरेचा उजेड शांत, दिवसभर एकसारखा. पण शेजारच्या मोकळ्या जागेत इमारत उठली आणि खिडकीतून आता हातभर अंतरावरची करडी भिंत तेवढी दिसू लागली. त्या भिंतीचं प्लास्टरही धड नव्हतं, हे मिस्त्रींचं आणखी वेगळं दुःख. काकूंनी आधी टेबल सरकवलं, मग टेबलावर दिवा आणला, मग दुसरा आणला. पिवळ्या उजेडात गडद निळं नि काळं एकच दिसायचं. शिवाय हाताची सावली नेमकी सुईवर पडायची.

अशात व्हायोलिन वाजवणारे एक गृहस्थ काळा कोट घेऊन आले. कोट त्यांच्या गुरूंचा. डाव्या खांद्याखाली, वाद्य टेकतं तिथेच, कसरीने वाटाण्याएवढं भोक पाडलं होतं. दहा दिवसांनी त्यांचा कार्यक्रम होता आणि हाच कोट घालायचा होता. काकूंनी हो म्हटलं. ते गेल्यावर कोट मांडीवर घेऊन त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"काळ्यावर काळं," त्या म्हणाल्या. "आणि वीण तिरपी."

"तुला काय अवघड आहे?" मिस्त्री म्हणाले.

"हा जमला तर जमला. नाही तर सुयांची डबी कपाटात."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. डोळ्यांनी साथ सोडली की हातांनी हट्ट धरू नये."

दूध संपलंय हे सांगावं तशा आवाजात त्या हे बोलल्या आणि चहा ठेवायला उठल्या. काम सुटलेल्या माणसाचा पहिला महिना कसा जातो हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. स्वतःच्याच घरातल्या फरश्या त्यांनी तेव्हा चार चारदा वाजवून काढल्या होत्या. ती पाळी त्यांना काकूंवर येऊ द्यायची नव्हती.

काकूंच्या धाकट्या भावाला सगळे रेडिओ म्हणत. रेडिओ दुरुस्त करायचा म्हणून, की एकदा सुरू झाला की बंद होत नाही म्हणून, यावर घरात दोन मतं होती. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानात जाऊन बसले. रेडिओने सगळं ऐकलं, ड्रॉवर उपसला आणि कोटाच्या मोठ्या बटणाएवढ्या, तारा जोडलेल्या तीन चकत्या काउंटरवर ठेवल्या. चांदणीसारखे सहा कोन, मधोमध पिवळा ठिपका.

"दाजी, हे एलईडी. दिसायला एवढुसे, पण पेटले की बघवत नाही. हे तिन्ही जरा अंतर ठेवून लावा, म्हणजे ताईच्या सुईला सावलीच राहणार नाही. फक्त एक आहे. हे तापतात. ती उष्णता काढून घेतली नाही तर स्वतःच्याच आगीत मरतात. म्हणून पाठीला हा हीटसिंक."

एका जुन्या अॅम्प्लिफायरमधून काढलेला तो अॅल्युमिनियमचा ठोकळा होता. एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला उभ्या पात्यांची रांग. "चांदणीतली उष्णता ठोकळ्यात जाते, ठोकळ्यातली पात्यांवाटे हवेत. ही पेस्ट घ्या. मधे लावायची, पण दाजी, अगदी थोडी हं. पेस्ट काही—"

"अरे, चिकटवायचं तू मला शिकवणार?" मिस्त्री उठले. "तू दोन तारा जोडत होतास तेव्हा मी जिन्यांना फरश्या बसवत होतो."

"बरं बाबा," रेडिओ म्हणाला. चिकटवायचं नसतंच, पकडून ठेवायला स्क्रू असतात, हे सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण दाजी पायरी उतरले होते, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

घरी येऊन मिस्त्रींनी फरशी बसवतात तशी एकेक चांदणी बसवली. ठोकळा पुसून घेतला. वर पेस्टचा चांगला जाड थर दिला, खाली जरा खडबडीत होतं ते भरून निघावं म्हणून चार कोपऱ्यांना चार गोळे वाढवले. वर चांदणी ठेवली, हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकली आणि, हसू नका, वर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आला का तेही बघितलं. तिन्ही चांदण्या एका पातळीत. कडेने बाहेर आलेली पेस्ट बोटाने साफ केली, दोन दोन थेंब गोंद लावून कोपरे पक्के केले. काम बघून त्यांचं त्यांनाच भरून आलं. दोन वर्षांनी हात चालले होते.

टेबलावर टांगलेला दिवा लागला तेव्हा काकू "अगंबाई!" म्हणाल्या. कोटाची वीण मोजता येईल इतकी लख्ख दिसत होती. काळ्यातला काळा धागा वेगळा उठून दिसत होता. त्यांनी सुई वर धरली, सावली शोधली, ती कुठेच पडली नव्हती. मग त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. ते बघणं मिस्त्रींना पुढे बरेच दिवस पुरलं असतं, पण तसं व्हायचं नव्हतं.

दहा मिनिटांनी मिस्त्रींनी ठोकळ्याला हात लावला. गार! "बघ," ते म्हणाले, "तो रेडिओ तापतंय तापतंय म्हणून घाबरवत होता. पाण्यासारखा गार आहे. आपण बसवलेलं आहे हे. हा दिवा आपल्या दोघांच्याही मागे राहील." मग शेजारच्यांना बोलावून त्यांनाही ठोकळ्याला हात लावायला लावला. शेजारी म्हणाले, वा. न म्हणून करतात काय?

काकू कामाला बसल्या. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्यांनी धागे काढून घेतले आणि भोकावर पहिले उभे धागे ताणले. मिस्त्री खुशीत बाजारात गेले, वाटेत भेटेल त्याला दिव्याची गोष्ट सांगत. यायला त्यांना दीड तास लागला.

परत आले तर पुढच्या खोलीत विचित्र निळसर अंधार. एक चांदणी मेली होती, दुसरी मरायला टेकली होती, तिसरीचा उजेड आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा झाला होता. करपल्याचा वास येत होता. आणि त्यात काकू नाक कापडाला लावून सुई चालवत होत्या.

"अगं, दिवा विझत आलाय! तुला दिसत नाही का?"

काकू दचकल्या. त्यांनी वर दिव्याकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे. "हो का?" एवढंच म्हणाल्या आणि सुई सुयांच्या उशीत खोचली.

दुसऱ्या दिवशी कोट अंगणात नेऊन बघितला तेव्हा सहा धागे चुकीच्या ओळीतून गेलेले सापडले. ते उसवावे लागले. आतल्या दुमडीत आता एकाच डावापुरते धागे उरले होते. पुन्हा चुकलं तर त्या कोटात काढायला धागाच नव्हता.

"रागावलीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. झालं ते झालं." काकूंनी कोटाची घडी घातली. सुयांची डबी बंद करून कपाटात ठेवली. "गुरुवारी न्यायला येतील तेव्हा तसाच परत देऊन टाकते त्यांना." आणि त्या भाजी निवडायला बसल्या. आदळआपट नाही, डोळ्याला पाणी नाही. मिस्त्रींना वाटलं, ताट फेकलं असतं तरी बरं झालं असतं.

दिवा पिशवीत घालून ते रेडिओकडे गेले. रेडिओने पातळ पातं घालून चांदणी उचकटली आणि खालचा थर बघून तो असा हसला, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"दाजी! अहो, ही काय न्हाणीघराची फरशी आहे?"

"गार होता ठोकळा," मिस्त्री घुम्या आवाजात म्हणाले. "मी स्वतः हात लावून बघितलं."

रेडिओचं हसू थांबलं. "तेच तर. तो गार होता म्हणजे उष्णता त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. तुमच्या या जाड थरात अडकली. बाहेर गारेगार आणि आत ती बिचारी जळतेय. दाजी, चांगला बसवलेला ठोकळा तापतो. तापलाच पाहिजे. गार लागला तर समजायचं, आत काहीतरी करपतंय."

मिस्त्रींनी तो थर नखाने खरवडून बघितला.

"धातूला धातू भिडला पाहिजे," रेडिओ सांगत राहिला. "पण कितीही सपाट केलं तरी डोळ्याला न दिसणारे चरे राहतात. पेस्ट तेवढ्याच चऱ्यांपुरती. तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त झाली की तिचंच पांघरूण होतं. अति तिथे माती. अहो, ऐकताय ना?"

ऐकत होते, पण डोळ्यांपुढे चांदणी नव्हती. भाजी निवडणारी काकू होती, आणि तिचं ते 'काही नाही, झालं ते झालं'. मिस्त्री नवीन तीन चांदण्या, स्क्रू आणि पेस्टची नळी घेऊन घरी आले. या वेळी त्यांनी रेडिओचं सगळं ऐकून घेतलं होतं, दोन गोष्टी तर परत विचारल्या होत्या. रेडिओला हा धक्का पचायला वेळ लागला.

ठोकळ्याच्या सपाट बाजूवर त्यांनी स्टीलची पट्टी उभी धरली आणि अंगणाकडे करून बघितली. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ येत होती. म्हणजे मधे खोलगट. हे पहिल्यांदाच बघायला हवं होतं. फरशीचा उतार दारातून ओळखणाऱ्या माणसाने हे बघू नये? त्यांनी स्वतःलाच दोन शेलक्या शिव्या हासडल्या. मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवला, चार थेंब पाणी टाकलं आणि ठोकळा गोल गोल घासायला बसले. घासायचं, पुसायचं, पट्टी लावायची, पुन्हा घासायचं. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. गुडघे दुखले, उठले, फेरी मारली, पुन्हा बसले. दुपार कलली तेव्हा पट्टीखाली रेघ नव्हती.

मग स्क्रूसाठी भोकं पाडली, त्यांच्या कडा घासल्या, पृष्ठभाग स्पिरिटने पुसला. नळीतून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट काढली. ती बघून हात आपोआप पुन्हा नळी दाबायला गेला, तो त्यांनी मागे घेतला. चांदणी ठेवली, अंगठ्याने दाबली आणि थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी फिरवली. खालची हवा निघून जायला फरशीही अशीच फिरवतात. चाळीस वर्षांतली एवढी एक गोष्ट मात्र इथे जशीच्या तशी चालली. चांदणी फिरता फिरता जड झाली आणि धरून ठेवल्यासारखी थांबली. मग स्क्रू, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, थोडा थोडा.

दिवा लावून ते हात ठेवून बसले. पाच मिनिटांत ठोकळा कोमट. वीस मिनिटांत गरम. तासाने इतका तापला की दहा आकडे मोजेपर्यंत कसाबसा हात टिकला, आणि ठोकळा तिथेच थांबला. त्याच्या पुढे गेला नाही. उजेड पहिल्या क्षणासारखाच पांढरा. मिस्त्रींनी या वेळी शेजाऱ्यांना बोलावलं नाही. दुसरा सगळा दिवस त्यांनी दिवा चालू ठेवला, दर अर्ध्या तासाने हात लावून बघितला, आणि मगच काकूंना हाक मारली.

काकू दारातच थांबल्या. "नको. मी परत देणार आहे म्हटलं ना."

"कोट नको घेऊस. एखादी चिंधी घे. नुसतं बस."

"नको."

"बरं, मग रागव तरी माझ्यावर," मिस्त्री म्हणाले. "मागच्या वेळी ठोकळा गार होता म्हणून मी नाचत होतो. तो गार होता कारण आत जळत होतं. आणि तूही दोन दिवस काही नाही, काही नाही करतेयस. मला भीती वाटते गं."

काकू दोन पावलं आत आल्या.

"मला वाटलं, डोळे गेले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या दिवशी. तुम्ही सांगून गेलात, हा दिवा आपल्या दोघांच्या मागे राहील. मग उजेड कमी कमी व्हायला लागला तेव्हा दिव्याकडे बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. म्हटलं, आलं. ज्याला घाबरत होते ते आलं. डोळे पुसले, पाणी मारून आले, चष्मा बदलून बघितला. तरी कमीच. तासभर, अहो! तासभर मी आंधळी होत होते इथे बसून. तुम्हाला फोन करावा असं दहादा वाटलं. पण करून सांगू काय? म्हणून सुई चालवत राहिले. आणि तुम्ही पिशव्या घेऊन येता आणि मला विचारता, तुला दिसत नाही का!"

आवाज चढला होता. मग तो चढतच गेला. फरशी हलली नाही म्हणे चाळीस वर्षांत. शेजारपाजार गोळा केला गार ठोकळा दाखवायला. माझा भाऊ सांगत होता ते ऐकायला कान कुठे गहाण ठेवले होते. आणि मी आत घाबरून अर्धमेली. काकू रडतही होत्या आणि बोलतही होत्या. शेजारच्या खिडकीतला आवाज बंद झाला, म्हणजे तिकडेही ऐकणं चालू होतं. आपण दिवा करायला गेलो आणि जिच्यासाठी केला तिलाच तासभर अंधारात एकटं बसवलं, हे मिस्त्रींना आत कुठेतरी फार लागलं.

"चुकलो," सगळं संपल्यावर ते म्हणाले.

काकूंनी पदराने नाक पुसलं. "चुकलातच."

मिस्त्रींनी त्यांचा हात धरून ठोकळ्याच्या पात्यांवर ठेवला.

"अहो, भाजतंय!"

"भाजणारच. हा तापलेला आहे तोवर दिवा नीट आहे. आता कधी उजेड कमी वाटला तर आधी इथे हात लाव. मग वर बघ. मग मला हाक मार. डोळ्यांचा नंबर सगळ्यात शेवटी."

काकूंनी हात काढला, तळव्याकडे बघितलं, पुन्हा ठेवला. ओठ हलत होते. त्या दहापर्यंत मोजत होत्या. मग त्या आत गेल्या आणि कपाटाचं दार वाजलेलं मिस्त्रींनी ऐकलं.

कोटाला पुढचे दोन दिवस लागले. मिस्त्री त्या दोन दिवसांत घराबाहेर पडले नाहीत, आणि खोलीतही फारसे गेले नाहीत. दाराशी खुर्ची टाकून बसले. काकू मधूनच डावा हात वर करून पात्यांना लावत आणि कापडावरची नजर न हलवता पुढचा धागा घेत. गुरुवारी व्हायोलिनवाले आले. त्यांनी कोट दाराशी धरला, दिव्याखाली धरला, बोट फिरवलं, आतून बघितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "होतं कुठे हो?"

काकू मिस्त्रींकडे बघून हसल्या आणि मिस्त्री उगाच फरशीकडे बघू लागले.

तेव्हापासून पुढच्या खोलीत तो दिवा रोज लागतो. रेडिओ येतो, ठोकळ्याला हात लावतो आणि दाजींच्या न्हाणीघराची गोष्ट नव्याने सांगतो. मिस्त्री ऐकून घेतात. एवढंच की दुपारी कधीतरी काकूंची हाक येते, "अहो!" आणि मिस्त्री हातातलं टाकून, गुडघे सावरत, जमेल तेवढ्या घाईने खोलीत पोचतात.

"काय झालं? गार लागला?"

"नाही. चांगला तापलाय," काकू सुईत धागा ओवता ओवता म्हणतात. "नुसतीच मारली हाक."

मिस्त्री मग स्टूल ओढून तिथेच बसतात.